निफाडची थंडी, माझे पाच थर आणि एक शर्ट

मला नकार का येतात, ते मी एकदाचं शोधून काढलं होतं. उंची पावणेसहा फूट, वजन बावन्न किलो. त्यामुळे निफाडचं स्थळ आलं, तेही ऐन डिसेंबरात, तेव्हा म्हटलं, देव पावला! पुरुषांनी स्टायलिश थर कसे चढवावेत, याचे व्हिडिओ आठवडाभर पाहिले. रविवारी सकाळी आत थर्मल, त्यावर टी-शर्ट, चेक्सचा शर्ट, बिनबाह्यांचा स्वेटर आणि जाकीट. आरशात मला पहिल्यांदाच खांदे दिसले.

सोबत मामा. सदरा, स्वेटर, कानाला मफलर, संपलं. जिन्यातच म्हणाले, "पोरगी बघायला चाललाय की हिमालयात?"

नाशिकहून चांदोरीमार्गे निफाड, बाइकवर तासाभराचा रस्ता. जाणार असाल तर साडेसहाला निघा आणि हातमोजे घ्या. मी पाच थर घातले आणि हातमोजेच विसरलो. चांदोरीला दहा रुपयांचा चहा मी पिण्यापेक्षा धरण्यासाठीच घेतला.

मुलीचं, म्हणजे सोनालीचं, घर द्राक्षबागेतच आहे. गारठ्याने मणी तडकू नयेत म्हणून ओळींमध्ये पेटवलेल्या शेकोट्या अजून धुमसत होत्या. तिचे वडील हात शेकत होते. "या पाव्हणं! तब्येत झकास हाय की!" मला आनंदाने गहिवरून आलं. हे वाक्य मला आयुष्यात कुणी म्हटलं नव्हतं.

कांदेपोहे झाले. सोनाली शेतकी शिकलेली, बाग तीच बघते. मोठ्यांनी आम्हाला बाग बघायला धाडलं तेव्हा अकरा वाजले होते, आणि डिसेंबरातलं आमच्याकडचं अकराचं ऊन कुठल्याच व्हिडिओत नव्हतं. जाकीट काढलं. दहा मिनिटांत स्वेटर. ओट्यावरून वडील ओरडले, "पाव्हणं, तुम्ही तर निम्मेच राहिले!" मामांनी मफलरने तोंड झाकून घेतलं.

सगळ्यात गरम थर सगळ्यात आत, ही माझी चूक. घाम गळत होता, डोळ्यांपुढे अंधारी आली. मी बांधावर बसलो.

"आत अजून काय घातलंय?" सोनालीने विचारलं.

"थर्मल."

"मग काढा ना."

खोटं बोलायचं त्राण उरलं नव्हतं. "काढलं तर फार बारीक दिसेन. तुम्ही नाही म्हणाल." हे बोलताना मला खरंच भीती वाटली.

ती गेली आणि पाण्याच्या मोटारीच्या खोलीतून वडिलांचा एक सुती शर्ट घेऊन आली. मी तिथेच जाऊन कपडे बदलले. बाहेर आलो तर शर्टात अजून एक मी मावला असता. तिने वरपासून खालपर्यंत बघितलं आणि पोट धरून हसली.

"सकाळी मी घाबरलेच होते. म्हटलं, ह्यांना भाकरी किती थापायच्या!"

परतताना पाचही थर बाइकला बांधलेले, आतले तीन ओलेचिंब. शर्ट वडिलांनी "राहू द्या" म्हणत अंगावरच ठेवायला लावला. पेट्रोल, चहा, मिसळ धरून खर्च पाचशेच्या आत. थर्मलची किंमत मी कुणाला सांगणार नाही.

सोमवार गेला, मंगळवार गेला. शर्ट धुऊन, इस्त्री करून मी उगाच त्याच्याकडे बघत बसायचो. बुधवारी सोनालीचा मेसेज आला: "शर्ट द्यायला रविवारी या. सकाळीच या. तोच घालून या, वर काही नको."

निफाडला सकाळी दात वाजतात. अंगात एकच शर्ट असणार, तोही ढगळा. हातमोजे मात्र आजच काढून ठेवलेत.