कंबरेसाठी धरलेले सोमवार

शेअर रिक्षात बसायची वेळ आली की माझी आई अंग चोरायची. माहेर वैजापूरकडचं, पोरवयात शेतात राबलेली, हाडापेराने दणकट बाई. घरात पाण्याचा भरलेला हंडा सहज कंबरेवर घ्यायची. पण रिक्षात पाय टाकला की ती अर्धी व्हायची. कोपऱ्यात सरकायची, पिशवी मांडीवर घ्यायची आणि शेजारच्या अनोळखी बाईला म्हणायची, "बसा, नीट बसा. मीच जाड हाय." मला असा संताप यायचा! भाडं तर तीही सगळ्यांइतकंच देत होती.

उंची मला वडिलांची मिळाली आणि कंबर आईची. या वाटणीत काही वावगं आहे हे कॉलेजात जाईपर्यंत मला कुणी सांगितलं नव्हतं. उलट आमच्याकडे लग्नकार्यात बायका हनुवटीला हात लावून म्हणायच्या, "पोरगी कशी भरलेली हाय!" आणि आई खूश होऊन त्यांच्या पानात आणखी एक जिलेबी वाढायची.

कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मी आईची लग्नातली पैठणी नेसून स्टेजवर चालले. टाळ्या पडल्या, शिट्ट्याही पडल्या. प्रेक्षकांत गुलमंडीवरच्या एका मोठ्या साडीच्या दुकानाचे मालक बसले होते. त्यांनी घरी निरोप पाठवला की दिवाळीच्या जाहिरातीसाठी मुलगी पाहिजे, क्रांती चौकात मोठं होर्डिंग लागेल. तेव्हा शहर औरंगाबादच होतं आणि क्रांती चौकात होर्डिंग लागणं म्हणजे आमच्या गल्लीच्या हिशेबाने जग जिंकणं होतं. मला ते हवं होतं, अगदी जीव टाकून हवं होतं.

दुकानात मुंबईहून आलेला जाहिरातवाला बसला होता. त्याने मला चालायला लावलं, वळायला लावलं. मग दुकानाच्या शिंप्याला गळ्यातला टेप काढून माझी मापं घ्यायला लावली आणि म्हणाला, "चेहरा मस्त, हाईट मस्त. कंबरेखाली जरा जास्त आहे. शूटपर्यंत कमी करून या." त्याच वेळी शेजारच्या गादीवर दुकानाचा सेल्समन गिऱ्हाइकांना दाखवायला मोरपंखी साडी स्वतःच्याच अंगावर लावून उभा होता. पोट चांगलं सुटलेलं, त्यावर निऱ्या धरलेल्या, पदर झोकात खांद्यावर. बायका म्हणत होत्या, काय सुंदर दिसते हो! त्याला कुणी कमी करून ये म्हणालं नाही.

मी मात्र कामाला लागले. पण आमच्या घरात न जेवणं सोपं नव्हतं. पोरगी जेवत नाही म्हणजे ती एकतर आजारी आहे नाहीतर रुसली आहे, आणि दोन्हींवर इलाज म्हणून आणखी जेवण. पानावरून मानाने उठायचा एकच रस्ता होता, तो म्हणजे उपवास. श्रावण लागतच होता. मी जाहीर केलं, मी सोळा सोमवार धरणार.

आईचा चेहरा असा उजळला! सोळा सोमवार मुली चांगल्या नवऱ्यासाठी धरतात असा तिचा समज, त्यामुळे ती गालात हसली. पण विचारलं काहीच नाही. "काय मागतीस ते सांगू नको," म्हणाली. "सांगितलं की फळत नसतंय."

आणि मग तिने माझा उपवास असा काही साजरा केला की विचारू नका. तुपात परतलेली साबुदाण्याची खिचडी, वर शेंगदाण्याचं कूट. भगर, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, राजगिऱ्याचे लाडू. पहिल्या काही सोमवारांत माझं वजन वाढलं. हे मला ब्लाउजच्या हुकांनी सांगितलं.

मग मी उपवास कडक केले, पाण्याशिवाय काही नाही. सोमवारला गुरुवार जोडला, गुरुवारला शनिवार. श्रावण संपला तर त्या वर्षी पाठोपाठ रमजान लागला. आमच्या भिंतीला भिंत लागून एक खाला राहायच्या, त्यांनी मला अंगाखांद्यावर खेळवलेलं. मी त्यांना म्हणाले, मी पण तुमच्यासोबत रोजे धरते. खालांचे डोळे भरून आले. "अल्ला कबूल करे, बेटा," म्हणाल्या, आणि संध्याकाळी न चुकता खजूर, फळं आणि भज्यांचं ताट भिंतीवरून येऊ लागलं. माझे वडील ताट घेताना म्हणाले, "सगळ्याच देवांना कामाला लावलंस का गं? कुणाला तरी सुट्टी दे."

तरी मी उतरले. गाल बसले, केस गळायला लागले, जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. पण टेप ऐकत होता आणि मला तेवढं पुरेसं होतं.

आई या काळात जेवताना दिसायची नाही. पण ती कधीच दिसायची नाही. सगळ्यांना वाढायची आणि म्हणायची, "मी मागून खाते." आईचं मागून खाणं कुणी बघायला जातं का?

शूटच्या आधी पुन्हा मापं द्यायला बोलावलं, तो सोमवार होता. आई सोबत आली. दुकानाच्या पांढऱ्या गादीवर एका कडेला, जागा अडू नये अशी बसली. जाहिरातवाल्याने टेपचे आकडे ऐकले आणि खूश झाला. "वा! याला म्हणतात मेहनत." मग आईकडे बघून हसत म्हणाला, "आता फक्त आईंवर जाऊ नका, म्हणजे झालं."

सगळे हसले. आईही हसली, अगदी रिक्षात हसायची तसं. माझ्या डोक्यात सणक गेली. मी काही बोलणार तेवढ्यात आई निघायचं म्हणून उठली आणि तिचा तोल गेला. सेल्समनने धरलं म्हणून बरं. कुणीतरी चहा आणला, बिस्किटं आणली. आईने हाताने सारली. "नको. आज सोमवार हाय माझा."

"तुझा कुठला सोमवार?" मी विचारलं.

"तुझाच की," ती म्हणाली. "तू पहिला धरलास तवापासून मी बी धरते. गुरुवार, शनिवार, समदे. लेकरू उपाशी आन् मी जेवू व्हय? काय मागतीस ते ठाऊक नव्हतं. म्हटलं देवा, ती जे मागती ते तिला दे."

मी तिथेच गादीवर बसले. ती काय मागत होती ते तिला माहीत नव्हतं, पण मला माहीत होतं. तिची कंबर माझ्या अंगावरून जावी म्हणून मी उपाशी होते, आणि तीच कंबर जावी म्हणून नकळत आईही उपाशी होती.

मी तिला हाताला धरून समोरच्या हॉटेलात नेलं. उपवास संध्याकाळी पूजा करून सोडायचा असतो म्हणून ती हटून बसली. मी म्हटलं, निदान साबुदाणा वडा तरी खा, तो चालतो. वडे आले. मी तिला सगळं सांगितलं, टेपपासून. ती ऐकत राहिली. मला वाटलं चिडेल. तिने फक्त स्वतःच्या मांडीकडे बघितलं आणि विचारलं, "त्यो मघाशी म्हणला तसं, माझ्यासारखं नको व्हायला म्हणून उपास धरलेस व्हय?"

मी हॉटेलात सगळ्यांदेखत रडले. "नाही गं, मला तुझ्यासारखंच व्हायचंय," म्हणाले, आणि म्हणता म्हणता लक्षात आलं की हे खरं आहे.

"मग खा," आई म्हणाली. "वडा गार व्हतोय."

त्या दिवसापासून आम्ही दोघी पोटभर जेवू लागलो. खालांना सांगितलं तर त्या खो खो हसल्या आणि ईदला शिरखुर्म्याचं पातेलंच पाठवलं. शूटच्या दिवशी नव्या मापाचा ब्लाउज पाठीला मिटेना. मी मालकांना सरळ सांगितलं, "मी आहे अशी उभी राहीन. चालत नसेल तर दुसरी बघा." होर्डिंग मला अजूनही हवंच होतं. जाहिरातवाल्याने कपाळाला हात लावला. मालक म्हणाले, "पोरी, तू उभी राहा. साडी दिसली म्हणजे झालं." पाठीमागे पिना मारल्या, वर पदर घेतला, आणि दुकानाच्या नव्या पैठणीचे मोर नीट दिसावेत म्हणून पदराचं टोक कंबरेशी हातावर धरायला सांगितलं. "बाकीचं कॉम्प्युटरवर बघू," जाहिरातवाला पुटपुटला.

आणि त्याने बघितलं. छपाईआधी नमुना आला तेव्हा मी दुकानात होते. कॉम्प्युटरवर माझी कंबर दोन्हीकडून दाबून निम्मी केली होती. मालकांनी चष्मा लावला. ते माझ्याकडे बघतच नव्हते, पदराकडे बघत होते. एकदम ओरडले, "अहो, हे मोर हायत का बगळे?"

कंबर दाबताना हातावरचा पदर पण दाबला गेला होता आणि त्यातले सगळे मोर वाळून काडी झाले होते. जाहिरातवाला समजावू लागला की लोकांचं तिकडं लक्ष जात नाही. मालक भडकले. "कुठल्या लोकांचं? आमचं गिऱ्हाईक मोराची मान बघून पैठणी घेतंय. मला माझे मोर परत पाहिजेत. फोटो काढला तसाच छापा." माझ्या कंबरेसाठी कुणी भांडलं नव्हतं, पण मोरांसोबत तीही परत आली. त्या विणकराचे, ज्याला मी कधी पाहिलं नाही, मी आजही आभार मानते. त्याने मोर चांगले जाडजूड काढले होते.

दिवाळीच्या तोंडावर आई आणि मी शेअर रिक्षातून क्रांती चौकात आलो. आई नेहमीसारखी कोपऱ्यात, पिशवी मांडीवर. सिग्नलला रिक्षा थांबली आणि समोर मी, दोन मजले उंच. आई बघतच राहिली. रिक्षावाल्यानेही वर बघितलं आणि आरशातून मला ओळखलं. "अरे, ये तो आपके बगल में बैठी है ना, अम्मा? तुमची मुलगी हाय का?"

आई सीटला पाठ लावून नीट बसली. मांडीवरची पिशवी तिने खाली पायाशी ठेवली. शेजारची बाई थोडी सरकली, तेव्हा आई तिला काहीच म्हणाली नाही.

"पोरगी माझी हाय," तिने रिक्षावाल्याला सांगितलं. "आन् ती कंबर बी माझीच हाय."