पहिला पर्याय गायीचा

मुलीनं नागपुरातच शिकावं म्हणून मी इतका पक्का बंदोबस्त केला, की ती आता घरापासून हजारेक किलोमीटरवर कोकणात शिकते आहे.

मी पोस्टाची बचत एजंट. गेली अकरा वर्षं लोकांच्या घरी जाऊन आरडीचे पैसे गोळा करते. किती टाकले तर किती मिळतात, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. (आचलनं एकदा खरंच उठवून विचारलं होतं. मी सांगितलं आणि कूस बदलून परत झोपले.) आचल म्हणजे माझी एकुलती एक मुलगी. तिचे बाबा कोराडीच्या वीज केंद्रात होते. सहा वर्षांपूर्वी ते गेले, कॉलनीतलं क्वार्टर सोडावं लागलं आणि आम्ही मायलेकी कोराडी रोडवर दोन खोल्यांत राहायला आलो. दोन खोल्या, दोन माणसं. त्यातून एक वजा केलं की काय उरतं, हे गणित मला चांगलं येत होतं, म्हणूनच मी ते कधी मांडत नव्हते.

यंदा आचलची बारावी झाली आणि सीईटीचा निकाल लागला. मार्क असे, की पेढे वाटावेत की नाही हे ठरवायला आम्हाला दोन दिवस लागले. इंजिनिअरिंग मिळणार हे नक्की, कुठे मिळणार हे नाही. आचलनं पुण्याच्या एका खासगी कॉलेजचं माहितीपत्रक आणून माझ्यापुढे ठेवलं. त्यावर हिरवळीवर बसून हसणारी मुलं होती. एवढी फी भरल्यावर कुणाला हसू येत असेल, हे मला पटेना.

धरमपेठेतला माझा दादा तिच्या बाजूनं. त्याचा मुलगा पुण्यातच शिकतो, त्यामुळे दादाला पुण्याबद्दल घरमालकासारखा अभिमान आहे.

"सुनंदे, पोरीले बाहेर निघू दे. एक्स्पोजर मिळते."

"किती टक्क्यानं मिळते?" मी विचारलं.

"पोरीचं शिक्षण म्हणजे तुझी आरडी आहे का?"

"आरडीत मुद्दल तरी परत येते, दादा."

दादानं पेपर उघडला. मी जिंकले, पण त्यात काही राम नव्हता, कारण भांडण पैशांचं नव्हतंच. आचलच्या बाबांच्या फंडाची रक्कम मी नीट सांभाळून ठेवली होती. ओढूनताणून पुणं झालं असतं. मला भीती होती ती संध्याकाळी सात वाजताची. सातला मी कुकर लावते, आचल आतल्या खोलीतून शिट्ट्या मोजते आणि "आई, तीन झाल्या वं" म्हणून सांगते. तिच्याशिवाय मला शिट्ट्या मोजता येणार नाहीत, असं काही नाही. पण कुणासाठी मोजायच्या, हा प्रश्न होता. आणि "मला एकटीला राहायची भीती वाटते" असं म्हणून पोरीच्या वाटेत बसणारी आई मला व्हायचं नव्हतं. म्हणून मी सभ्यपणे म्हटलं, "आपण हिशेब करू."

मोठी पिवळी कार्डशीट आणून कपाटाच्या दाराला चिकटवली. डावीकडे पुण्याचं खासगी कॉलेज, उजवीकडे आमच्या शहरातलं लहानसं सरकारी कॉलेज. एक इमारत, दोन झाडं, बाहेर चहाची टपरी. फी, राहणं, खाणं, जाणं-येणं, नोकरी लागल्यावर पगार, आणि शेवटी घातलेला पैसा किती महिन्यांत वसूल होणार, असे रकाने आखले. हिशेब निःपक्षपाती असावा म्हणून सगळे आकडे मी एकटीनंच भरले.

"आई, पुण्यात मैत्रिणींच्या वाढदिवसाचा खर्च धरला. इथं मैत्रिणीचे वाढदिवस नाई येत का?" आचलनं बोट ठेवलं.

"इथं मी सांबारवडी करून देते."

"आन् हे काय? पुण्यात दवाखाना दर महिन्याले?"

"मेसचं खाऊन अजून काय होणार आहे?"

"आन् हे 'किरकोळ'? हे तर फीपेक्षा जास्त आहे."

"पुण्यातलं किरकोळ आहे ते."

तरी तिला पूर्ण पटेना. मग मी पुरावा गोळा केला. मिहानमधल्या एका कंपनीत माझे दोन खातेदार आहेत. एक पुण्याच्या महागड्या कॉलेजातून शिकून आलेला, दुसरा तालुक्याच्या गावच्या सरकारी कॉलेजातून. दोघं शेजारी शेजारी बसतात, डबा एकत्र खातात आणि पगार दोघांचा सारखा. फरक एवढाच, की पुणेवाला शैक्षणिक कर्जाचा हप्ता भरतो आणि दुसरा माझ्याकडे आरडी. मी आचलला स्कूटीवर मागे बसवून मिहानला नेलं आणि दोघांना जेवणाच्या सुट्टीत गेटवर बोलावून घेतलं. पुणेवाल्यानं तिला सगळं खरं सांगितलं. मध्येच त्याचा आवाज जरा दाटला, तेव्हा मी त्याला संत्रा बर्फी दिली.

परत येताना झिरो माइलच्या सिग्नलला आचल म्हणाली, "आई, तुयं बरोबर आहे. सरकारीच घ्यावं."

मला स्कूटीवर नाचता येत नव्हतं, म्हणून मी नुसता हॉर्न वाजवला.

आता फक्त अर्जात कॉलेजांचे पर्याय क्रमानं भरायचे होते. इथे मी माझी अक्कल पुन्हा वापरली. आमच्या सासरी पहिली पोळी गायीची असते. ती कितीही टम्म फुगली तरी घरातल्या कुणी खायची नाही. धंद्यातही मी तेच पाळते. नव्या पावतीपुस्तकातली पहिली पावती गिऱ्हाईकाला देत नाही, स्वतःच्या नावानं फाडते. मनापासून हवं असलेलं काही पहिल्या ओळीवर लिहिलं की त्याला नजर लागते, असं माझं पक्कं मत आहे.

आचल मोबाइल घेऊन बसली. "पहिलं नागपूर टाकू?"

"थांब. पायजे ते पहिल्या नंबरवर नाई टाकायचं."

"काहून?"

मी गाय समजावून सांगितली. पहिल्या नंबरवर आपल्याला नको असलेलं कॉलेज, दुसऱ्यावर आपलं नागपूर. एरवी ही पोरगी मीठ कमी आहे की जास्त यावरसुद्धा अर्धा तास वाद घालते. त्या दिवशी शहाण्यासारखी म्हणाली, "ठीक आहे, आई. मग हे कोकणातलं टाकू का? सरकारीच आहे. छोटंसं आहे. इतक्या दूर कोण जाते?"

"टाक," मी म्हटलं. "गायीनं कधी पोळी परत केली नाई."

यादी लागली तेव्हा मी धरमपेठेत दादाकडेच हप्ता घ्यायला बसले होते. आचलचा फोन आला.

"आई, लागला नंबर."

"नागपूर?"

"नाई. पहिला."

"पहिला म्हणजे?"

"गायीचा."

मी घाबरले नाही. दुसऱ्या फेरीत बदलून घेऊ, असं म्हणून तिला घेऊन अर्ज तपासणी केंद्रावर गेले. खिडकीतल्या बाईंनी अर्ज पाहिला, मला पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, पहिला ऑप्शन लागला म्हणजे सीट फ्रीज होते. आता पुढच्या राउंडमध्ये नाई बसता येत."

"पण आम्हाला तो नको होता."

"नको होता, तर पहिला काहून टाकला?"

"तो आमचा नव्हता. गायीचा होता."

बाईंनी चष्मा काढला. मागे रांगेत उभा असलेला एक गृहस्थ पुढे वाकून म्हणाला, "गायीसाठी वेगळा कोटा आहे का हो?" मी त्यालाही पहिल्या पोळीची पद्धत सांगायला लागले. मग त्याच्या मागच्या बाईंनी सांगितलं, की त्यांच्याकडे पहिली पोळी कुत्र्याची असते. यावर रांगेत बरीच चर्चा झाली. सीट मात्र फ्रीजच राहिली.

बाहेर येऊन आम्ही कडुलिंबाच्या झाडाखाली स्कूटीपाशी उभ्या राहिलो. मला रडू येत होतं आणि मी हेल्मेट घालून ते लपवत होते.

"तुले माहीत होतं का वं, पहिला लागला की बदलत नाई?"

आचल चपलेनं माती उकरत राहिली. "पुस्तिकेत लिहून होतं."

"मंग बोलली काहून नाई?"

"तू विचारलं कुठं? तू तं गाय समजावून राहिली होती."

मी पर्समध्ये स्कूटीची किल्ली शोधायला लागले, तेव्हा ती हळूच म्हणाली, "आई, पुण्याचे पैसे तुले झेपले नसते, ते मले समजलं. खरंच समजलं. पण मले एकदा बाहेर राहून पाहायचं होतं. आन् तुले सांगितलं असतं तं तू जाऊ दिलं असतं, अन् मंग रोज संध्याकाळी एकटी रडत बसली असती. असं वाटलं, चुकून झालं तं तुले राग काढायले तरी गाय राहील."

इतक्या वर्षांच्या संसारात मला कुणी इतकं नीट ओळखलं नव्हतं. मला तिचा राग आला, अभिमान वाटला, आणि हेल्मेटच्या आत गुदमरायला झालं, म्हणून शेवटी मी ते काढलं.

पोचवायला मीच गेले. आधी एक रेल्वे, मग दुसरी, मग एसटी. सामानात चार किलो तिखट, मसाला, सरगुंडे, आणि तिथे मिळत नसेल म्हणून तूरडाळ. कॉलेज खरंच छोटंसं होतं. चिऱ्याच्या दगडाची एक इमारत, वर्गाच्या खिडकीतून लांब समुद्राची निळी रेघ. प्राचार्य स्वतः बाहेर येऊन मुलींची नावं विचारत होते. मी त्यांना फी, मेस आणि नोकऱ्या यांविषयी सतरा प्रश्न विचारले आणि माझ्या दुर्दैवानं सगळ्यांची उत्तरं चांगली होती. मेसमध्ये पहिल्याच दिवशी आचलनं माशाचं कालवण वाढून घेतलं, आम्ही जन्मात मासा घरात आणला नव्हता तरी, आणि वर दुसऱ्यांदा मागितलं. तिथेच मला कळलं की ही रमणार.

मी नागपूरला परत आले. घर आवरलेलं होतं. ते दुसऱ्या दिवशीही आवरलेलंच होतं, तिसऱ्या दिवशीही. हे फार वाईट असतं. मी खातेदारांच्या घरी जास्त वेळ बसायला लागले. पूर्वी चहाला नाही म्हणायची, आता दुसरा कप मागायला लागले. कोणाचं लग्न, कोणाचं गुडघ्याचं ऑपरेशन, सगळं ऐकून घ्यायची. महिन्याभरात एका खातेदारानं मला दारातूनच पैसे दिले आणि दुसऱ्यानं ऑनलाइन भरायला सुरुवात केली. आचलचा फोन रोज यायचा. "जेवली का?" "जेवली." "मी पण जेवली. ठेवू का? सबमिशन आहे." मी "ठेव" म्हणायची आणि फोन कानाशी तसाच धरून बसायची.

मग एकदा मला वाटलं, तिचं तिखट संपलं असेल. (चार किलो. पाच आठवड्यांत.) मी गेले. हॉस्टेलच्या फाटकावरच्या वॉचमननं विचारलं, "काय काम?" मी पिशवी दाखवली. आचलनं मला एक तास समुद्रावर नेलं, मैत्रिणींशी ओळख करून दिली आणि माझा हात सोडला नाही. एका तासासाठी जाऊन-येऊन चार दिवस. परवडला मला तो तास. पुढच्या वेळी मला वाटलं, तिची छत्री मोडली असेल. त्याच्या पुढच्या वेळी वाटण्यासारखं काही सुचलं नाही, तशीच गेले. आता वॉचमन काम विचारत नाही. परवा म्हणाला, "मॅडम, तुमचीपण हजेरी लावूक सांगू काय ऑफिसात?"

गेल्या रविवारी दादा घरी आला. कपाटावरची कार्डशीट अजून तिथेच होती. चहा होईपर्यंत त्यानं पेन काढलं आणि माझ्या तिकिटांचे, रिक्षांचे, डब्यांचे, बुडालेल्या कमिशनचे आकडे कोकणाचं नवं खातं आखून त्यात मांडले. बराच वेळ बेरीज करत बसला.

"सुनंदे," तो म्हणाला, "अशीच जात राहिली, तं चार वर्षात पुणं सवस्त पडलं असतं गा."

"मी गडीमाणूस आहे का 'गा' म्हणायले?" मी म्हटलं, कारण हिशेबावर बोलायला माझ्याकडे काही नव्हतं.

दादा हसला, मग त्याला माझ्याकडे बघून हसवेना. चहा प्यायला, नेहमीपेक्षा तासभर जास्त बसला आणि जाताना म्हणाला, "आता दिवाळीपर्यंत दम धर. दिवाळीले ते येऊनच राहिली ना? मैत्रिणीसंगं रिझर्वेशन झालं म्हणे तिचं."

झालंय. जाण्याचं, येण्याचं, दोन्ही पक्कं. नागपूरच्या तीन मुली एकत्र येणार आहेत, अगदी सुखरूप, घरापर्यंत. काळजी करण्यासारखं काहीएक नाही.

तिला आणायला मी चार दिवस आधी निघते आहे.