येताना वारा समोरून असतो

जगातल्या कुठल्याही दोन विमानतळांमधलं अंतर तोंडपाठ असलेला माणूस अख्ख्या नाशकात एकच आहे, आणि तो नेमका आमच्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर राहतो. हे काका स्वतः मात्र ओझरच्या विमानतळाच्या फाटकापलीकडे कधी गेलेले नाहीत. सातपूरच्या एका कारखान्यात कुठलं काम किती मिनिटांत व्हायला हवं, हे घड्याळ लावून ठरवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. कामगार त्यांना लांबून पाहिलं तरी शिव्या घालायचे. निवृत्त झाल्यावर मोजायला काही उरलं नाही. त्यात एकुलता एक मुलगा सॅन फ्रान्सिस्कोला गेला, आणि काकांनी विमानं मोजायला घेतली. दूध आणायला निघालेल्या माणसालाही ते जिन्यात अडवून सांगत, "मुंबईहून साडेतेरा हजार किलोमीटर. सोळा-सतरा तास. येताना वारा समोरून असतो, थोडा जादा धर." आम्ही मुद्दाम कुठल्या कुठल्या गावांची नावं काढून त्यांची परीक्षा घ्यायचो आणि पाठ वळली की हसायचो. काकू सटाण्याकडच्या. त्या स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "किती लांब शे ते माले नका सांगू. पोऱ्या कव्हय येस ते सांगा!" पोरगा कधी येणार, हे विचारलं की मात्र काका चपला घालून जिना उतरत. मुलगा सहा वर्षांत एकदाही आला नव्हता.

मग एके दिवशी काकू सकाळी सातला गेल्या. काकांनी मुलाला फोन लावला. तो "निघतो, बाबा" म्हणाला, आणि काका रडायचं सोडून कागद-पेन्सिल घेऊन बसले. विमान, समोरचा वारा, मुंबईतली रांग, कसारा घाट. "उद्या दुपारी चारला दारात," त्यांनी जाहीर केलं. पोटच्या पोरानेच अग्नी द्यायचा, म्हणून काकूंना बर्फाच्या पेटीत ठेवलं. निफाडहून आलेले नातेवाईक सतरंजीवर ताटकळले. काकांचा हिशोब कधी चुकत नाही, हे सगळ्यांना मीच छातीठोकपणे सांगत होतो.

दुसऱ्या दिवशी साडेतीनला काका इस्त्रीचा शर्ट घालून इमारतीच्या फाटकाशी उभे राहिले. चारला फोन वाजला. आवाज मोठा ठेवायची त्यांची सवय, त्यामुळे आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. "रजेचं नाही जमलं, बाबा. तुम्ही उरकून घ्या. मला व्हिडिओ लावा."

तो निघालाच नव्हता. हे त्याला आदल्या दिवशी सांगता आलं असतं. त्या पोराला मी लहानपणी सायकल शिकवली होती, याची मला तेव्हा लाज वाटली. काकांनी फोन खिशात ठेवला आणि म्हणाले, "चला. मीच देतो." व्हिडिओ कुणी लावला नाही.

या गोष्टीला आता वर्ष होईल. परवा जिन्यात काका भेटले, तेव्हा मला राहवलं नाही. म्हटलं, "काका, असला मुलगा असण्यापेक्षा..." त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"तसं नाही रे. येताना वारा समोरून असतो. वेळ लागतोच."

पूर्वी मी यावर हसलो असतो. "हो काका, लागतो," मी म्हणालो आणि त्यांच्या हातातली दुधाची पिशवी घेऊन वरपर्यंत गेलो.