पायपुसण्याएवढी फुली

माझ्या मामाने आयुष्यभर खडे वेचले. गावाबाहेर एका कारखानदाराची खासगी धावपट्टी होती. रोज सकाळी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं आणि दिसेल तो खडा बादलीत टाकायचा, हे त्याचं काम. खडा उडून विमानाच्या पंख्याला लागला तर पातं जातं, असं त्याला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, आणि मामाला एकदा सांगितलेलं पुरतं. परत आला की वहीत लिहायचा, ‘पट्टी साफ. उतरण्यास हरकत नाही.’

कारखानदार गेले, मुलांनी विमान विकलं. त्यालाही आता सोळा वर्षं झाली. पट्टीवर लोक गाडी शिकायला येऊ लागले, दुपारी शेळ्या बसू लागल्या, आणि हा बाबा बादली घेऊन त्यांच्यामधून वाट काढत चालायचा. मामी म्हणायची, “आता उतरणार कोण, कावळे?”

“कुणी वर अडचणीत सापडलं तर?” मामा म्हणायचा. आणि बादली उचलून निघायचा.

या वर्षी मुलांनी ती जमीन सौरऊर्जेच्या कंपनीला दिली. पट्टीच्या कडेच्या एका खोलीत मामा-मामीची तीस वर्षं गेलेली. कंपनीचा साहेब बोलायला गोड होता. “काका, खोली तुमच्याकडेच राहू द्या, राखणही तुम्हीच करा. फक्त सोमवारी तपासणीवाले यायच्या आत दोन्ही टोकांना पांढरी फुली मारून ठेवा. पट्टी बंद झाल्याची खूण. तेवढं नाही झालं, तर मात्र मी दुसरा माणूस बघतो.”

घोडं नेमकं तिथेच अडलं. मामाच्या लेखी फुली मारायची ती खराब पट्टीवर. “माझ्या पट्टीवर एक खडा दाखव!” तो माझ्यावरच खेकसला, जणू जमीन मीच विकली होती. मीही काही कमी नाही. म्हटलं, “मामीचे गुडघे बघ जरा. खोली गेली तर तिला घेऊन जाणार कुठे? माझ्या दीड खोलीत?”

हे मी बोलायला नको होतं. मामी दारात धान्य निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, “मी कुठेही राहीन गं. पण आता पुन्हा बिऱ्हाड हलवायचं त्राण नाही माझ्यात.”

रविवारी दुपारी मामाने चुना कालवला आणि संध्याकाळी मला दाखवायला घेऊन गेला. पट्टीच्या टोकाला फुली होती, रेघा अगदी सरळ, कुठे ओघळ नाही. आणि आकाराने पायपुसण्याएवढी. मला हसू आवरेना.

“अरे मामा, ही वरून कशी दिसणार?”

“नाही दिसणार?” तो खाली बघत राहिला. “वरून किती दिसतं ते मला काय ठाऊक? मला कुणी वर नेलंय का कधी?”

माझं हसू जागच्या जागी विरलं. वरून येणाऱ्यांसाठी या माणसाने इतकी वर्षं कंबर वाकवली, आणि एकालाही त्याला एक फेरी मारून आणावीशी वाटली नाही. त्या गेलेल्या कारखानदाराचा मला इतका राग आला, की डोळे भरून आले.

सोमवारी उजाडताच आम्ही दोघांनी दोरी धरून वीस-वीस पावलांच्या फुल्या आखल्या. त्याआधी मामाने पट्टी वेचली. बंद करायची असली तरी चुन्याखाली खडा नको म्हणे. तपासणीवाले आले, फोटो काढले आणि दहा मिनिटांत गेले. साहेबाने खोलीचा कागद मामीच्या हातात दिला. तिने तो दोनदा उघडून पाहिला आणि मग चहा ठेवला.

मामा वही घेऊन बसला होता. मला वाटलं, आता तरी मिटून ठेवील. मी त्याच्या खांद्यावरून डोकावले. त्याने नेहमीच्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘पट्टी साफ. उतरू नये.’