जज्जसाहेब उठून उभे राहिले

मंडळी, रूमवर मन लागेना म्हणून पुन्हा कॉम्प्युटर लॅबमध्ये येऊन लिहितोय.

आमच्या इथे अमेरिकेत, स्टेट कॉलेज गावातल्या युनिव्हर्सिटीत, सध्या दुसऱ्या एका देशातले काही जज्ज ट्रेनिंगला आलेत. त्यांच्या देशातलं लष्कराचं राज्य नुकतंच संपलंय, लोक अजून कोर्टाची पायरी चढायला घाबरतात. आज दुपारी त्यांचा सरावाचा खटला होता. साक्षीदार कमी पडला म्हणून प्रोफेसरांनी मला पकडलं आणि आर्मी ऑफिसर केलं. युनिफॉर्म नाटकवाल्यांचा, तोही ढगळ.

मी दारातून आत आलो आणि खुर्चीवरचे जज्ज ताडकन उठून उभे राहिले. पन्नाशीचा माणूस, अंगात काळा झगा.

सगळे हसले. प्रोफेसर म्हणाले, "सर, कोर्टात तुम्ही कोणासाठी उठायचं नसतं."

"ठाऊक आहे," ते हळूच म्हणाले. "माझ्या आधीचे जज्ज उठले नव्हते. त्या दिवशी ते घरी पोचलेच नाहीत."

मग कोणी हसलं नाही.

मला ते उठणं लगेच ओळखू आलं. गावात पाटील दिसले की माझे आजोबा असेच उठायचे, जेवत असले तरी.

माझा रूममेट प्रशांत म्हणतो, "सोड ना यार, नाटक तर होतं." माझं नाटक होतं रे. त्यांचं नव्हतं.

उद्या त्यांना पुराव्याच्या कायद्यावर लेक्चर आहे. पण खुर्चीत बसून राहायचं कसं, हे त्यांना कोण शिकवणार? आणि खरं सांगा, आपण तरी शिकलोय का?