लाभ, दोन, तीन, चार

माझ्या मेव्हण्याचा, विलासचा फोन आला तेव्हा मी संगणकावर रॅपचा एक बीट जुळवत बसलो होतो. "दाजी, आई गेली," एवढंच तो म्हणाला. बाकीचं नंतर कळलं. जेवण करून ओट्यावर गजरे बांधायला बसल्या, भिंतीला टेकल्या, आणि अर्धा गजरा पायाच्या अंगठ्याला तसाच अडकलेला. ऐंशीच्या घरातलं वय, अंथरूण धरलं नाही, कुणाकडून करून घेतलं नाही. असं मरण मागून मिळत नाही, असं सगळे म्हणाले. माझ्या मनात मात्र पहिला विचार आला तो लाजिरवाणा होता, म्हणून आधीच सांगून मोकळा होतो. मला वाटलं, आता ह्या बाईने मला माफ केलं होतं की नाही, हे ह्या जन्मी काही कळत नाही.

अनसूयामामी म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे जावई सासूला मामी म्हणतो आणि सून आत्या. मखमलाबादच्या पुढे त्यांचा फुलांचा मळा. शेवंती, मोगरा आणि बांधावर मरवा. सकाळी गंगेवरच्या, म्हणजे नाशकात गोदाकाठच्या, फुलबाजारात त्या बसायच्या आणि "गजरेऽऽ" अशी हाक द्यायच्या, तेव्हा पलीकडच्या काठावर अंघोळीला उतरलेला माणूस दोन पायऱ्या परत वर चढायचा. एकदा तर त्यांच्या हाकेने एक अख्खी वरात वाट चुकून बाजारात शिरली आणि नवरदेवाच्या घोड्याने दोन टोपल्या झेंडू फस्त केला. माझी बायको रेखा म्हणते, ह्यांच्या गोष्टीतलं निम्मं वजा करून ऐकावं. ठीक आहे. एक टोपली.

मी अंबडच्या एका कारखान्यात फिटर, आणि सुट्टीच्या दिवशी बीट बनवणारा. म्हणजे रॅप म्हणणारी मुलं-मुली ज्याच्यावर शब्द टाकतात, तो खालचा ताल मी रचतो. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला सासरी लॅपटॉप घेऊन गेलो आणि माझा त्या वेळचा सर्वोत्तम बीट मोठ्या अभिमानाने लावला. मामी चुलीपुढून उठून आल्या.

"जावईबापू, भांड्याची मांडणी पडली का काय कुठं?"

"नाही मामी, हे संगीत आहे."

"आसं होय. मंग पडू द्या."

पण गेल्या नाहीत. समोर बसल्या आणि एकेक आवाज विचारत सुटल्या. मी सांगितलं, हा जाड ठोका म्हणजे किक. हा कोरडा, टाळीसारखा, तो स्नेअर. वर ही बारीक किचकिच चालते ती हायहॅट. आणि खाली हे जे घुमतंय ते बेस. मामींनी डोळे मिटले. "जाड हाय ते पोटात बसतंय. कोरडं हाय ते कानामागं लागतंय. किचकिच म्हंजी आपली सुनीता भांडी घासती तशी, तिच्याकडं ध्यान नाय जात, पण थांबली की कळतं." सुनीता म्हणजे विलासची बायको, ती आतून ओरडली, "ऐकू येतंय बरं का आत्या!" मी पुढे सांगितलं की चार ठोक्यांचं एक घर, त्याला बार म्हणतात, आणि अशी घरं पुन्हा पुन्हा फिरवायची, तो लूप. मामींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना पाणी ओलं असतं हे शिकवतोय. पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवला आणि गजरा बांधायला घेतला. चार फुलं, चौथ्याच्या गाठीतच मरव्याचं पान, की परत पहिल्यापासून. "ह्येच ना ते तुमचं? पन्नास वर्सं झाली मला."

मग त्यांनी माझ्या बीटची जी चिरफाड केली, ती अजून माझ्या पोटात किकसारखी बसली आहे. "लय कोंबलंय तुमी," त्या म्हणाल्या. "गजरा आवळून बांधला की दुपारपर्यंत फुलं काळी पडत्यात. दोन फुलांत वारा फिराया पायजे." मी निम्मे आवाज काढून टाकले, आणि बीट पहिल्यांदा श्वास घ्यायला लागला. दुसरी गोष्ट त्यांनी बोलून नाही, हाताने दाखवली. दर चारांतल्या तिसऱ्या गाठीला त्या अंगठ्यावरचा दोरा जरा सैल सोडायच्या, त्यामुळे ती गाठ नेहमी किंचित उशिरा पडायची. माझा स्नेअरही घराच्या तिसऱ्या ठोक्यावर येतो, पण तो घड्याळासारखा बरोब्बर. "हा माणूस नाय, शिलाई मशीन हाय," असा निकाल मामींनी दिला होता. मी तो स्नेअर केसभर मागे सरकवला... आणि सांगतो, त्या दिवशी ओट्यावरचं मांजर मान डोलवायला लागलं. रेखाने वजा करावं. मांजर खरं आहे.

आता माझ्या पापाकडे येतो. गजरा बांधताना मामी मोठ्याने मोजायच्या, आणि जुन्या माणसांच्या रीतीप्रमाणे मोजणीत 'एक' नसायचा. धान्य मापताना पहिल्या मापाला म्हणतात तसं त्या पहिल्या फुलाला 'लाभ' म्हणायच्या. लाऽऽभ... दोन, तीन, चार. तो लाभ त्या लांबवायच्या, हात जोडल्यासारखा. दसऱ्याच्या आधी एका दुपारी मी हे गुपचूप फोनवर रेकॉर्ड केलं. विचारलं नाही. देवळाली कॅम्पातल्या एका सुभेदारांची मुलगी, पूनम, फार झणझणीत रॅप म्हणते; तिच्या गाण्यासाठी मी मामींचा आवाज कापून बीटमध्ये बसवला. दोन, तीन, चार झकास बसले. लाभ काही बसेना, लांब पडायचा. मी तो उडवला आणि त्याच्या जागी दणदणीत किक ठेवली.

गाणं चाललं. वणीकडच्या टेम्पोवाल्यांनी ते इतकं वाजवलं की गडावरची माकडंसुद्धा... असो. एका सकाळी असाच एक टेम्पो फुलबाजारात लागला आणि मामींच्या कानावर त्यांचाच आवाज पडला. अर्ध्या तासात मला फोन.

"जावईबापू, त्यो माझा आवाज हाय?"

"हो मामी... तुम्हाला सांगणारच होतो."

"आवाज घेतला त्याचं काय नाय. माझा लाभ कुठं गेला?"

"तो तालात बसत नव्हता."

"ज्या मोजणीत लाभ नाय ती मोजणी कशाची?" आणि फोन बंद.

चारच दिवसांनी ऐन तोडणीत असा पाऊस लागला की त्यांची सगळी शेवंती उभ्या जागी सडली. मामी मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर मी पचवल्या असत्या. चांगल्या द्यायच्या त्या. पण नाही.

त्याच आठवड्यात मी तो बीट उसवला. लाभ परत पहिल्या ठोक्यावर ठेवला, त्याच्याखालची किक काढली, बेस काढला. सगळी वाद्यं गप्प, फक्त मामींचा लांबलेला लाभ, आणि तो संपला की मग बाकीची वरात. खरं सांगतो, आधीच्यापेक्षा दहापट चांगला झाला. विलासला पाठवून लिहिलं, 'मामींना ऐकव.' विलास असा माणूस की घर पेटलंय कळवलं तरी उत्तरात अंगठा पाठवील. त्याने अंगठा पाठवला.

त्यानंतर दीड वर्ष मी जेव्हा जेव्हा सासरी गेलो, मामी ओट्यावर गप्प बसून गजरे बांधायच्या. मोजणी बंद. मी फाटकात दिसलो की तोंड मिटायचं. चहा मिळायचा, साखरही असायची, पण तीही न विरघळता माझ्याकडे बघतेय असं वाटायचं. मी दोनदा माफी मागायला तोंड उघडलं. दोन्ही वेळा त्या "बसा, चहा घ्या" म्हणून आत गेल्या. शेवटच्या भेटीतही तेच. त्या गप्प हातांकडे बघत मी चहा प्यालो आणि निघालो... ती शेवटची भेट आहे हे कुठे माहीत होतं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही निघायच्या तयारीत होतो. शेवंती तोडून पडलेली, ती काही दुखवटा पाळत नाही. सुनीतावहिनी ओट्यावर मामींच्या जागी बसल्या, अंगठ्याला दोरा अडकवला आणि फुलांच्या टोपलीतून मामींचा बटणांचा जुना फोन काढला. एक बटण दाबलं.

लाऽऽभ...

मी दारातून ओट्यावर आलो. दोन, तीन, चार. माझा बीट. दुरुस्त केलेला.

"वहिनी, हे इथे कसं?"

"कसं म्हंजी? तुमी पाठवलंवतं ना? आत्यांनी बाजारातल्या मोबाईलवाल्याकडून भरून घेतलं. रोज ह्याच्यावरच बांधायच्या. म्हणायच्या, आता जावई मोजतोय, माझं तोंड मोकळं."

"पण मी आलो की त्या तर गप्प..."

वहिनी हसायला लागल्या. "दाजी, तुमी फाटकात दिसला की फोन टोपलीत खाली दडपायच्या! जावयासमोर जावयाचंच गाणं लावून बसायची लाज वाटायची त्यास्नी. मोठ्यानं मोजायची सवय सुटलेली, मनात मोजायच्या मग. बोलता बोलता गाठ चुकायची, म्हणून तोंड मिटून."

दीड वर्ष! दीड वर्ष मी ज्याला शिक्षा समजत होतो, ती नुसती लाज होती. मी ओट्याच्या खांबाला धरून हसलो, रडलो, आणि दोन्ही इतक्या मोठ्याने केलं की शेजारच्या मळ्यातले बगळे उडाले. चार होते. पाहिजे तर रेखाला विचारा. ती तिथेच उभी होती आणि तिने ह्यातलं काहीच वजा केलं नाही.

मी वहिनींकडे तो फोन मागितला. आठवण म्हणून, म्हटलं.

"लय शहाणे! आन् मंग हितं मोजणार कोण?"

खरं होतं. फोन टोपलीतच राहिला. रेखा पिशव्या घेऊन फाटकाशी थांबली होती, तिला म्हटलं, जरा थांब. वहिनींच्या शेजारी मांडी घातली, अंगठ्याला दोरा अडकवला. मामींनी लाभ म्हटला, मी फूल ठेवलं. दोन. तीन... आणि माझी तिसरी गाठ उशिरा पडली.