नऊ महिने राखणारी वार

प्रसूती वॉर्डात किस्से शोधावे लागत नाहीत. सही घ्यायला जावं, तर सहीऐवजी किस्साच हातात पडतो!

परदेशात शिकून मी कोल्हापुरात परतले ती वारेवर, म्हणजे बाळाला पोटात पोसणाऱ्या प्लासेंटावर, संशोधन करायला. बाळ निम्मं बापाचं, म्हणजे आईच्या शरीराला परकं. तरी तिची प्रतिकारशक्ती त्याला हाकलत नाही. वारेत दोघांचं जमतं. कसं, हे शोधायला बाळंतपणानंतर वारेचा तुकडा हवा. वाटलं होतं, हे समजावण्यातच वर्ष जाईल. समजलं सगळ्यांना पहिल्याच दिवशी. संमतीच्या फॉर्मवर सही मात्र कुणी करेना!

कोडोलीची एक सून म्हणाली, "त्यात काय नवल, मॅडम? मीबी परक्या घरातनंच आले की. सासूबाईंनी हाकललं व्हय?"

सासू खाटेशेजारूनच, "हाकलणारच हुते! पण हिचं कालवण चाखलं न् गप बसले."

सही? "बघू की!"

एका दूधवाल्याला सांगितलं, "बाळाच्या काही पेशी वारेतून आईच्या रक्तात जातात, वर्षानुवर्षं राहतात. त्यात निम्मे तुम्हीच!"

तो खूश! बायकोला म्हणाला, "ऐकलंस? म्हायेरी गेलीस तरी मी संगटच!"

"तरीच डोकं उठतंय माझं!"

दोन महिने झाले. महिनाअखेरपर्यंत एकही वार मिळाली नाही तर अभ्यास बंद, असं वरून कळलं. शकुंतला सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, फ्रीझर मोकळाच हाय तर कुल्फी लावूया की!" मी हसले, आणि लॅबचं दार लावून रडले.

मग गडमुडशिंगीच्या हौसाबाईंना नात झाली. त्यांनी माझं सगळं ऐकलं आणि विचारलं, "तुकडा घेतलासा. बाकीची वार कुठं जाती?"

"पिवळ्या पिशवीत. कचऱ्यात."

हौसाबाईंनी कपाळावर हात मारला.

"नऊ म्हैनं जिनं माझ्या नातीला परकं म्हणू दिलं न्हाय, तिला कचऱ्यात? आमी अंगणात पुरतो, पोरी! तुकडा घे. बाकीची माघारी दे."

"देते," मी म्हणाले. मोठ्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावला. परवानगी मिळाली.

हौसाबाईंच्या सुनेनं सही केली. पलीकडच्या खाटेवरून आवाज आला, "माघारी देणार व्हय? मग हिकडंबी आण तो कागद!"

संध्याकाळपर्यंत सहा सह्या!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फॉर्मची पहिली ओळ 'उरलेली वार घरी माघारी मिळेल' अशी बदलायचा अर्ज टाइप केला. मग शकुंतला सिस्टरना विचारलं, "झाकणाची गाडगी कुठं मिळतील? शंभर हवीत!"